डाव्या हातचा मळ

एखादे काम एखाद्याला अगदी सहज साधत असले, की ‘ते तर त्याच्या डाव्या हातचा मळ’ असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार मोटारीच्या कितीतरी आधीचा. पण ज्याच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला असा धंदा शोधायचा तर मोटार हाकणाऱ्याचाच पुढे करावा लागेल. आपल्याकडे मोटारीचे चाक उजव्या बाजूला असते, म्हणून गिअरचा दांडा येतो डाव्या हाताखाली. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या कोणत्याही जीपगाडीत डोकावून पाहावे. दांड्याच्या टोकाची मूठ हाताच्या घामाने काळवंडलेली असते, वरचे आकडे पुसून गेलेले असतात आणि जिथे तळवा टेकतो तिथे ती देवळाच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत झालेली असते. डाव्या हाताची सारी विद्या आणि डाव्या हाताचा सारा मळ, दोन्ही तिथे एकत्र साठलेली असतात.

या मुठीखाली, दांडा जिथे जमिनीतून वर येतो तिथे, रबराची, कातड्याची किंवा रेक्झिनची एक घडीघडीची टोपी असते. गॅरेजवाले तिला ‘बूट’ म्हणतात. मूठ आणि बूट या दोन किरकोळ वस्तू. मालक त्या बदलतो तेव्हा फिटरचा पोरगा जुन्या वस्तू कोपऱ्यातल्या भंगारात फेकतो, आणि तिथे त्यांची गोष्ट संपते. ती गोष्ट थोडी मागून सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इतक्या क्षुद्र वस्तूंचा इतिहास तो काय, असे कोणी म्हणेल. पण धुळ्याच्या माणसाने तरी तसे म्हणू नये. ज्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाने १९२७ साली धुळ्यात संशोधन मंडळ स्थापन झाले, त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची, वाळवी लागलेली दप्तरे गोळा केली. ज्याला घरचे लोक रद्दी समजत, त्यात त्यांना राज्य दिसत असे. रद्दीला जो न्याय, तोच भंगाराला लावून पाहायला हरकत नाही.

गिअरचा दांडा मुळात का लागला, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. बैल चढावर आपोआप मान खाली घालून जोर वाढवतो. पेट्रोलच्या इंजिनाला ती युक्ती जमत नाही. ते ठरावीक वेगाने फिरत असले तरच त्याच्या अंगात बळ असते. वेग फार उतरला की ते गुदमरून बंद पडते. म्हणून इंजिन आणि चाक यांच्यामध्ये लहानमोठी दातेरी चाके घालावी लागतात. लहान चाकाने मोठे फिरवले म्हणजे गती घटते पण ओढ वाढते. विहिरीवरच्या रहाटाची ज्यांना सवय आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न उरतो तो चालत्या गाडीत ही चाके बदलायची कशी, हा.

फ्रान्समधील पानार आणि लव्हासोर या जोडीने १८९१ च्या सुमारास आपल्या मोटारीत त्याचे एक धसमुसळे उत्तर शोधले. दातेरी चाके एका दांड्यावर सरकती ठेवायची आणि हाताने लोटून एकमेकांत अडकवायची. दात दातांवर आपटत, कर्कश आवाज होई, पण काम होई. त्या पहिल्या गाड्यांत दांडा एकाच ओळीत पुढेमागे सरकत असे. पहिल्यावरून तिसऱ्यावर जायचे तर वाटेत दुसऱ्याला भेटूनच जावे लागे. पुढे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, १९०१ च्या मर्सिडीज गाडीने निरनिराळ्या खाचा असलेली जाळी आणली. दांडा आधी डावी-उजवीकडे न्यायचा, मग पुढे-मागे, आणि हव्या त्या खाचेत थेट उतरवायचा. आज मुठीच्या डोक्यावर जो छोटा नकाशा कोरलेला असतो, त्याचे मूळ या खाचांत आहे. मूठ म्हणजे नुसते पकडायचे साधन न राहता गिअरच्या पेटीचा नकाशा तिच्यावर आला, तो या वाटेने.

बुटाचा जन्म त्यानंतरचा. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत गिअरचा आणि ब्रेकचा असे दोन्ही दांडे चालकाच्या उजवीकडे, गाडीच्या अंगाबाहेर असत. बाहेरच्या दांड्याला बुटाचे काय काम? पुढे मोटारींना बंद दारे आणि छपरे आली, दांडा आत शिरला आणि थेट गिअरपेटीच्या डोक्यावर, दोन आसनांच्या मधोमध बसला. आता त्याच्यासाठी पायाखालच्या पत्र्याला भोक पाडावे लागले, आणि तेही चांगले ऐसपैस, कारण दांड्याला चारी दिशांना हलायला जागा हवी. त्या भोकातून इंजिनाची धग, तेलाचा वास, यंत्राची घरघर आणि रस्त्याची धूळ हे चार पाहुणे आत येऊ लागले. त्यांना दाराशीच थोपवण्यासाठी बूट आला. फोर्डच्या विख्यात ‘टी’ गाडीत, १९०८ पासून १९२७ पर्यंत, गिअर पायाने बदलत असल्याने हा दांडाच नव्हता. १९२७ च्या अखेरीस तिच्या जागी ‘ए’ गाडी आली आणि फोर्डच्या गिऱ्हाइकाच्या हातीही गोल मुठीचा दांडा आला.

आता खानदेशाकडे वळू. या दांड्याचे खरे महत्त्व जाणायचे तर खानदेशासारखा प्रदेश नाही.

नकाशा समोर ठेवला तर खानदेश म्हणजे तापीने मधून दुभागलेली एक मोठी परात दिसते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे. मोकळी बाजू काय ती पूर्वेची, भुसावळवरून वऱ्हाडाकडे जाणारी. परातीच्या तळाशी काळी कपाशीची जमीन, रावेर-यावलच्या केळीच्या बागा, सरळ सपाट रस्ते. तिथे गाडी एकदा वरच्या गिअरमध्ये टाकली की तासभर दांड्याला हात लावायला नको. परंतु परातीबाहेर पडायचे म्हटले की काठ चढलाच पाहिजे. धुळ्याहून मालेगावकडे निघालात तर लळिंगचा किल्ला शेजारी ठेवून घाट चढावा लागतो. शिरपूर ओलांडून इंदूरकडे निघालात तर सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट. सुरतेकडे निघालात तर कोंडाईबारी. जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहून छत्रपती संभाजीनगरकडे जायचे तर फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याचा घाट. आणि चाळीसगावहून कन्नडला जायचे तर तो नामांकित औट्रम घाट. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव या घाटाला चिकटले. थोडक्यात, खानदेशी चालकाला गावातून बाहेर पडण्याचा परवाना सरकारने दिला तरी शेवटी तो डाव्या हातानेच मिळवावा लागतो.

त्यात धुळे म्हणजे रस्त्यांचा तिठा. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून जळगाव-नागपूरवरून कलकत्त्याकडे जाणारा रस्ता हे दोन मोठे मार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. पूर्वी त्यांचे क्रमांक तीन आणि सहा होते. २०१० च्या फेरमांडणीनंतर सहाचा त्रेपन्न झाला. बंदराकडे जाणारा आणि बंदरावरून येणारा माल, उत्तरेकडे निघालेली केळी, सारे या रस्त्यांवरून जाते. मालमोटारींच्या चालकांच्या पिढ्यान्‌पिढ्या या तिठ्यावर चहा प्यायल्या आणि पुढच्या घाटाचा विचार करीत उठल्या.

घाटाचा विचार म्हणजे गिअरचा विचार. जुन्या मालमोटारींत आणि बसगाड्यांत गिअर बदलणे ही कसरत असे. फिरती चाके एकमेकांत घालायची तर दोघींची गती जुळली पाहिजे, नाहीतर दात खडखडतात. म्हणून चालक क्लच दाबून गिअर सुटा करी, क्लच सोडून इंजिनाला कानाने जोखून हलका रेटा देई, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकी. याला ‘डबल क्लच’ म्हणत. अमेरिकेत कॅडिलॅक गाडीने १९२८ साली गती आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची योजना आणली आणि छोट्या मोटारींच्या मालकांची या कसरतीतून हळूहळू सुटका झाली. अवजड गाड्यांच्या चालकांना मात्र ती पुढे कितीतरी वर्षे करावी लागली. या चालकांना गिअर दिसत नसे, तो हाताला कळत असे. दात जुळायला आले की मुठीतून एक बारीक थरथर तळव्याला येते. नाडी पाहणाऱ्या वैद्याची बोटे जे करतात, तेच इथे तळवा करतो.

उतार तर चढापेक्षा कठीण. चढाला इंजिन थकते, उताराला ब्रेक थकतात. सारखे दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. पेट्रोल-डिझेल वाचवण्याच्या लोभाने उतारावर गिअर सुटा करणारा चालक दोन पैसे वाचवतो आणि ते कोणाच्या जिवावर, याचा हिशेब दरी मांडते. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा घाटातला जुना शिष्टाचार १९८९ च्या रस्ता-नियमांतही लिहिला गेला. कारण सरळ आहे: चढावर एकदा थांबलेल्या अवजड गाडीला पुन्हा पहिल्या गिअरमध्ये उचलणे किती जड जाते, हे ज्याने एकदा केले त्यालाच कळते.

खानदेशातील सामान्य माणसाला ही विद्या पाहायला मिळाली ती एस्टीच्या कृपेने. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. ती बेडफोर्ड बनावटीची होती. त्या काळी खानदेश मुंबई राज्यातच होता. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे त्याचे दोन जिल्हे १९०६ पासून होते, त्यांची जळगाव आणि धुळे ही नावे १९६० नंतर रूढ झाली. एस्टी पुढे गावोगाव पोचली आणि तिच्याबरोबर पहिल्या बाकावर बसून चालकाचा हात निरखणारी पोरे तयार झाली. चालकाच्या डावीकडे इंजिनाचे तापलेले बॉनेट, त्यावर रेक्झिनची गादी, शेजारी हातभर उंचीचा, सतत थरथरणारा दांडा. चालक तो पुढे ढकलताना खांदा वाकवी, आणि गिअर पडला की गाडी क्षणभर दबून पुन्हा हुंकार देई. घरी गेल्यावर अंगणात उलटी टोपली घेऊन, काठी रोवून, तोंडाने तो हुंकार काढीत एस्टी चालवण्याचा खेळ ज्या पोराने खेळला नाही ते पोर विरळा.

मूठ आणि बूट यांची खरी परीक्षा मात्र जीपगाडीने घेतली. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली ही अमेरिकन गाडी १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला सुरुवात केली. तिच्या जमिनीतून एक सोडून तीन दांडे वर येतात: एक गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांना ताकद जोडण्याचा आणि तिसरा ओढ वाढवणाऱ्या जादा पेटीचा. तीन दांडे, तीन मुठी, तीन भोके. १९५२ च्या ऑक्टोबरात समूहविकास योजना सुरू झाली तेव्हापासून जीप ही सरकारी कामाची खूण होऊन बसली. वनखाते, पाटबंधारे, निवडणुका, सारे जीपमधून फिरू लागले. जीपचा दांडा गिअरपेटीच्या थेट डोक्यात शिरलेला असतो. तिथे बूट फाटका असला तर खानदेशातील काळ्या मातीची पिठासारखी धूळ पायांवर तर बसतेच, पण दांड्याच्या बुडाशी जे गोळ्याचे आणि स्प्रिंगचे सांधे असतात त्यांतही जाऊन बसते. तेलात मिसळलेली माती म्हणजे कानस. ती दात झिजवते, मग गिअर नीट बसत नाही, मग एके दिवशी ऐन उतारावर झटका बसून तो आपोआप सुटतो. थोडक्या पैशांच्या रबराकडे केलेले दुर्लक्ष असे घाटापर्यंत पोचते.

शिवाय खानदेशाचे ऊन. जळगाव-भुसावळचा पारा वैशाखात पंचेचाळिसाच्या वर जातो, हे काही नवल राहिलेले नाही. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. ते कडक होते, चिरते. तेल लागले तर फुगून मऊ पडते. अमेरिकेत १९३० नंतर निओप्रीन हे कृत्रिम रबर आले, ते तेलाला आणि हवेला अधिक टिकते. कातड्याचा बूट दिसायला देखणा, पण तेलपाणी न मिळाल्यास घडीवरच तडकतो. रेक्झिनचा बूट स्वस्त. आपल्याकडच्या कुशन शिवणाऱ्या कारागिराने जुन्या बुटाच्या चार पाकळ्या उसवून, त्यावरून माप घेऊन, तासाभरात नवा शिवून द्यावा अशी रीत गावोगाव आहे. नव्या गाड्यांत दोन बूट असतात. वरचा दिसण्याचा, खालचा रबरी कामाचा. मालक वरचा बदलतो आणि खुश होतो. धूळ, आवाज आणि धग मात्र खालच्याने अडवायची असते.

मुठीची कुळकथा याहून रंगतदार आहे. आरंभीच्या मुठी लाकडाच्या किंवा पितळेच्या असत. १९०९ साली बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलँड या रसायनज्ञाने बॅकेलाइट नावाचे नवे द्रव्य जगापुढे मांडले. ते साच्यात घालून तापवले की कायमचे कडक होई, उन्हात वितळत नसे आणि हाताला फार तापत नसे. विजेची बटणे, टेलिफोन आणि मोटारीच्या मुठी यांच्यावर त्याने अनेक वर्षे राज्य केले. पुढे पारदर्शक अॅक्रिलिक आले आणि मालमोटारींच्या दांड्यांवर काचेसारखे गोळे चमकू लागले. कोणाच्या गोळ्यात गुलाबाचे फूल, कोणाच्या गोळ्यात देवाची तसबीर. ज्यांना यातले काहीच परवडत नसे त्यांच्यासाठी आपला कातारी होताच. जो लाटणे, भोवरा आणि पाळण्याच्या दांड्या कातून देतो, त्याला एक गोळा कातणे काय अवघड? सातपुड्याच्या बाजूचे अंजनाचे लाकूड घेतले तर ते इतके जड आणि टणक, की आत पितळी नट बसवल्यावर अशी मूठ गाडीपेक्षा जास्त टिकावी.

लाकूड आणि तळवा यांचे नाते आपल्या घरात मोटारीहून फार जुने आहे. जात्याचा खुंटा आठवा. पहाटे दोघी जावा समोरासमोर बसून दळत, आणि वर्षानुवर्षांच्या दळणाने खुंटा असा गुळगुळीत होई की नवा खुंटा ठोकला तर चार दिवस हाताला फोड येत. नांगराच्या रुमण्याचेही तेच. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना घरोट हा काव्याचा विषय वाटला, आणि १९५२ साली त्यांची गाणी छापली गेली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला त्याचे नवल वाटले. ज्या वस्तूला आपण रोज धरतो तिच्याकडे आपण पाहत मात्र नाही, हेच त्या नवलाचे कारण असावे. गिअरची मूठ ही त्याच खुंट्याची यंत्रयुगातील धाकटी बहीण आहे.

मधल्या काळात एक मौज झाली. १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकन मोटारींनी दांडा जमिनीवरून उचलून चाकाच्या खांबावर नेला. जमिनीतले भोक बुजले, बूट बेकार झाला आणि पुढच्या सलग बाकावर तिघांना ऐसपैस बसता येऊ लागले. हिंदुस्थानी कुटुंबाला याहून सोईचे ते काय? आपल्याकडची अँबॅसडर १९५७ साली आली ती असाच खांबावरचा दांडा घेऊन. फियाट आणि तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी याही त्याच वळणाच्या. पुढे वडील, आजोबा आणि मधे नातू, मागे आई, आत्या आणि उरलेली मुले, पायाशी फराळाचे डबे, अशी दिवाळीची सफर या दोन गाड्यांनी दोन पिढ्यांना घडवली. जमिनीवरच्या दांड्याची हौस असणाऱ्यांसाठी १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड होती. पण पारडे खऱ्या अर्थाने फिरले ते १९८३ च्या डिसेंबरात मारुती आठशे आली तेव्हा. तिच्याबरोबर जमिनीवरचा आखूड दांडा, मूठ आणि बूट ही त्रयी मध्यमवर्गाच्या घरात शिरली. पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला तो २०२३ च्या ऑक्टोबरात.

खेड्यापाड्यांतल्या काळ्यापिवळ्या जीपगाड्यांनी मात्र दोन्ही जगांचा मेळ घातला. दांडा जमिनीवर आणि तरीही पुढे चौघे! गिअरच्या शेजारी बसणाऱ्या उतारूने गुडघे कोणत्या बाजूला न्यायचे, हे चालक ‘जरा सरका बुवा’ म्हणून दर वळणाला ठरवीत असे. दांड्याला पूर्ण हालचाल मिळाली नाही तर गिअर अर्धवट बसतो, आणि अर्धवट बसलेला गिअर चढावर सुटतो. म्हणून या विनोदाला दरीचा काठ होता.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. काम घरच्या घरी करण्याजोगे आहे, पण क्रम चुकता कामा नये. बूट काढायचा तर आधी मूठ काढावी लागते, कारण बुटाची मान अरुंद आणि मुठीचे डोके मोठे. बहुतेक मुठी आट्यांच्या असतात. घड्याळाच्या उलट फिरवल्या की निघतात. काहींच्या खाली चेकनट असतो, तो आधी पान्याने ढिला करावा लागतो. काहींना बाजूने बारीक स्क्रू असतो. काही नव्या गाड्यांत मूठ नुसती दाबून बसवलेली असते, ती फिरवून निघत नाही, सरळ वर ओढावी लागते. तिथे फिरवण्याचा हट्ट धरला तर आतला प्लास्टिकचा खटका मोडतो. ओढताना तोंड बाजूला ठेवावे, हे अनुभवी फिटर शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतो. मूठ अचानक सुटते आणि नाकावर येते.

मूठ निघाली की बुटाची खालची चौकट हलक्या हाताने उचलून खटके सोडवायचे आणि बूट वर काढून घ्यायचा. जीपसारख्या गाडीत चौकट स्क्रूंनी पत्र्याला आवळलेली असते. याच वेळी आतला रबरी बूट पाहून घ्यावा, साचलेली माती पुसावी, सांध्याला थोडे ग्रीस द्यावे. नवा बूट चढवताना तो दांड्याला कुठेही ताणत नाही ना, हे सर्व गिअर टाकून पाहावे. ताणलेला बूट दांड्याला मागे खेचतो, आणि टाकलेला गिअर सुटण्याचे तेही एक कारण होते.

नवी मूठ निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आटे. आठ, दहा, बारा मिलिमीटर अशी निरनिराळी मापे असतात आणि जुन्या जीपचे आटे तर इंची. न जुळणारी मूठ जबरीने बसवली तर दांड्याचेच आटे जातात, आणि ढिली मूठ ऐन वळणावर हातात येते. दांडा तिथेच राहतो, मूठ हातात आणि गाडी उतारावर. दुसरी, रिव्हर्सची कडी. काही गाड्यांत मुठीखालची कडी वर ओढल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. पुढे जाताना चुकून मागचा गिअर पडू नये म्हणून केलेली ती योजना. बाजारातली शोभेची मूठ बसवली आणि कडी अडकली, तर गाडी गल्लीत शिरते पण निघत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोक्यावरचा नकाशा. चार गिअरच्या दांड्यावर पाच गिअरची मूठ हे खोटे बोलणारे पाटीचे दगड होत. रोजच्या मालकाला त्याची सवय असते. पण घरातली सून, भाचा किंवा आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेणारा शेजारी त्या नकाशावर विश्वास ठेवूनच गाडी हाती घेतो. जुन्या जीपमध्ये पहिला गिअर डावीकडे खाली आणि रिव्हर्स त्याच्या वर. हल्लीच्या गाड्यांत पहिला डावीकडे वर. हात एका नकाशाचा आणि गाडी दुसऱ्या नकाशाची, असे झाले की पुढे जायच्या जागी मागे जाते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सुट्या भागांच्या दुकानांत तोरणांबरोबर चकचकीत मुठी टांगलेल्या दिसतात. पोलादी, कवटीच्या आकाराच्या, रंगीत दिव्यांच्या. तरुणांनी हौस जरूर करावी. फक्त जळगावच्या मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली पोलादी मूठ तव्यासारखी तापते, एवढे लक्षात ठेवावे. घरोघरी मुठीवर लोकरीची विणलेली टोपी असते ती काही केवळ शोभेसाठी नसते.

आणि आता या दांड्याचेच दिवस भरत आले आहेत. २०१४ साली मारुतीच्या सेलेरियोबरोबर आपोआप गिअर बदलणारी स्वस्त योजना आपल्याकडे आली आणि लहान मोटारीतला क्लचचा पाय मोकळा होऊ लागला. विजेच्या गाडीला तर शून्यापासूनच ओढ असते. तिला गिअर बदलावे लागत नाहीत, म्हणून मूठ गेली आणि फिरवायचे बटण आले. १ जून २०२२ रोजी एस्टीची विजेवरची पहिली ‘शिवाई’ बस धावली, ती मुद्दाम त्याच पुणे-अहमदनगर रस्त्यावर. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी याच वाटेवर बेडफोर्डच्या चालकाचा डावा हात सारखा कामात होता. शिवाईच्या चालकाच्या डाव्या हाताला गिअरचे काम उरलेले नाही.

याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. जाते गेले तेव्हा कोणत्याही गृहिणीने अश्रू ढाळले नाहीत, आणि ते योग्यच होते. घाटात गिअर चुकून गेलेले जीव ज्यांना ठाऊक आहेत ते नव्या यंत्राचे स्वागतच करतील. पण ज्या विद्येने इतकी वर्षे कापूस, केळी आणि माणसे परातीच्या काठावरून सुखरूप वर नेली आणि खाली आणली, ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती तळव्यात होती, आणि तळव्याखालच्या मुठीवर तिची झीज उमटली होती. तीन आणि चारचे आकडे पुसलेले असतील तर ती गाडी सपाटीवर नांदली. एक आणि दोनचे पुसलेले असतील तर ती घाटात राबली. झिजलेली मूठ वाचता येणाऱ्याला एवढे तरी सांगतेच.

तेव्हा या दिवाळीत जुन्या गाडीला नवी मूठ आणि नवा बूट घालायचा असेल तर खुशाल घालावा. गाडीलाही सणाचे नवे कपडे हवेतच. फाटका बूट भंगारात जाऊ द्या. जुनी मूठ मात्र पुसून घरात कुठेतरी ठेवून द्यावी. पुढेमागे घरातले एखादे मूल ती हातात घेऊन विचारील, हे काय आहे, आणि यावर आकडे का कोरले आहेत. त्या वेळी ती त्याच्या डाव्या तळव्यात ठेवावी आणि लळिंगच्या घाटापासून सांगायला सुरुवात करावी.